आधी कोरं गाळा

पहिल्याच दिवशी बाईंनी माझ्यासमोर एक चपटी डबी उघडून ठेवली आणि विचारलं, "यातला फिल्टर कुठला?"

डबीत निळ्या आणि पांढऱ्या गोल चकत्यांची चळत होती, एकाआड एक. मी पांढरी चकती दाखवली. बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"कुणी सांगितलं?"

मी खरं ते सांगून टाकलं. प्रणव माझ्या दोन वर्षं पुढे होता, आमच्याच सरांकडे पीएच.डी. करणारा. बाई प्रत्येक नव्या माणसाला हा प्रश्न विचारतात, हे त्यानं मला आदल्या दिवशीच सांगितलं होतं. निळा नुसता मधे घातलेला कागद असतो, पण दिसायला तोच महत्त्वाचा वाटतो, म्हणून बहुतेक जण निळी चकती उचलतात.

"मग उत्तर प्रणवचं आहे," बाई म्हणाल्या. "तुमचं नाही." त्यांनी डबी कपाटात ठेवली, कपाटाला कुलूप लावलं आणि ते दोनदा ओढून पाहिलं.

बाई आमच्या संस्थेत तांत्रिक अधिकारी होत्या. पीएच.डी. नव्हती, पण प्रयोगशाळेतली प्रत्येक बाटली, प्रत्येक नळी आणि मुख्य म्हणजे प्रत्येक फिल्टर त्यांच्या हाताखालून जायचा. आमचं निम्मं काम या फिल्टरांवर चालायचं. पातळ पापडासारखी पांढरी चकती, तिला डोळ्यांना न दिसणारी भोकं, इतकी बारीक की जिवाणू पलीकडे जात नाहीत. पाणी तपासायचं असेल तर ते चकतीतून ओढायचं आणि चकती जिवाणूंच्या खाद्यावर ठेवायची; दुसऱ्या दिवशी जिथे जिथे जिवाणू अडकला असेल तिथे ठिपका उमटतो. उलट एखादा द्रव जिवंत पेशींवर घालायचा असेल, तर त्यातले जिवाणू काढून टाकायला तो आधी गाळून घ्यायचा. त्यासाठी प्लॅस्टिकच्या बंद टोपणातला छोटा फिल्टर येतो. तो सिरिंजच्या तोंडाला लावायचा आणि अंगठ्यानं दाबायचं.

बाई सगळ्यांना अहो-जाहो करायच्या, बावीस वर्षांच्या पोरांनासुद्धा. त्यात आदर कमी आणि अंतर जास्त होतं. मी यवतमाळकडची. सुरुवातीला एकदा त्यांनी काय चाललंय असं विचारल्यावर मी सवयीनं म्हणाले, "नमुने गाळून राहिली." बाई थांबल्या. "गाळून राहिली म्हणजे? गाळून झालेत की गाळताय? नक्की काय ते सांगा, मला लिहायचंय." त्यांच्याकडे एक लांबट वही असायची आणि दिवसभरात त्या ज्याला जे विचारत, ते उत्तरासकट तिच्यात लिहीत.

त्यांचा चिमटा चष्म्याच्या घरात असायचा. तो दुसऱ्या कुणी वापरायचा नाही. चहाच्या थर्मासच्या झाकणाभोवती त्या प्रयोगशाळेतली मेणासारखी ताणली जाणारी पट्टी गुंडाळायच्या आणि पट्टीवरून थर्मासवर उतरणारी पेनाची एक रेघ ओढायच्या. पिण्याआधी रेघ जुळते का ते पाहायच्या. एकदा रेघ केसभर सरकलेली दिसली, तर सगळा चहा बेसिनमध्ये ओतला. मी प्रणवला विचारलं, की यांच्या चहात कधी कुणी काही घातलं होतं का? तो म्हणाला, "नाही. पण घालू शकतं, असं त्यांचं म्हणणं."

योगायोगानं मी कर्वेनगरला ज्या सोसायटीत पेइंग गेस्ट राहायचे, त्याच सोसायटीत बाईंचा फ्लॅट होता, पलीकडच्या इमारतीत. पाण्याची टाकी धुऊन झाल्याचा मेसेज एकदा सोसायटीच्या ग्रुपवर आला. बाईंनी नळाचं पाणी उकळलेल्या बाटलीत भरून आणलं, चकतीतून गाळलं, आणि दुसऱ्या दिवशी त्या चकतीचा फोटो मोठा छापून सोसायटीच्या फलकावर लावला. चकतीवर हिरवट चमक असलेल्या ठिपक्यांची गर्दी होती, म्हणजे मैल्यातल्या जिवाणूंची. खाली एकच ओळ: "टाकी धुतली असल्यास कळवावे."

सेक्रेटरी संतापले. हा फोटो आमच्याच पाण्याचा कशावरून, असं त्यांनी जिन्यातच सगळ्यांदेखत विचारलं. मी तिथेच होते. मला वाटलं बाई आता भडकणार. पण त्यांचा चेहरा चक्क उजळला.

"बरोबर विचारलंत," त्या म्हणाल्या. "माझ्यावर संशय घ्यायलाच हवा. रविवारी पाणी तुम्ही भरा, बाटलीवर सही तुम्ही करा. मी फक्त गाळते."

सेक्रेटरींनी पाणी भरलं नाही. टाकी मात्र परत धुतली गेली.

हे सगळं तेव्हा मला मजेशीर वाटायचं. घरी फोनवर सांगायला बरं पडायचं. बाईंचा संशय माझ्याकडे वळला, तेव्हा त्यातली मजा गेली.

माझा विषय आमच्या भागातल्या एका झाडाच्या सालीचा अर्क होता. हा अर्क पाण्यात विरघळत नाही, म्हणून मी तो डीएमएसओ नावाच्या द्रावकात विरघळवायचे, सिरिंजच्या फिल्टरमधून गाळायचे आणि कर्करोगाच्या पेशींवर थेंबभर घालायचे. पहिलं दीड वर्ष काही घडलं नाही. मग एका सोमवारी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर पेशी गोल होऊन तरंगत होत्या. मेलेल्या. मी परत केलं, परत मेल्या. नुसता द्रावक घातलेल्या पेशी शेजारच्या ताटलीत जशाच्या तशा जिवंत. सर स्वतः खाली आले, डोळा लावून बराच वेळ पाहत राहिले आणि मला म्हणाले, की आता लिहायला घे. मी आईला फोन केला. तिला पेशी वगैरे कळलं नाही, पण आपल्याकडच्या झाडानं काहीतरी केलं एवढं कळलं आणि ती रडली.

बाईंनी हे ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या.

"कोरं गाळलं होतंत का?"

हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. आधी कोरं गाळा. म्हणजे अर्क न घातलेला नुसता द्रावकही त्याच फिल्टरमधून गाळायचा आणि पेशींवर घालून पाहायचा. म्हणजे जे होतं ते अर्कानं होतं की गाळण्यानं, ते कळतं. त्या हे इतक्या वेळा आणि इतक्यांना म्हणायच्या, की आम्ही मागून त्यांची नक्कल करायचो.

मी नुसता द्रावक घातला होता, पण बाटलीतून थेट. गाळला नव्हता. तेवढ्यासाठी एक फिल्टर कोण वाया घालवणार, असं वाटलं होतं. मी म्हणाले, "हो."

"गाळून?"

"हो, गाळून."

बाईंनी माझ्यासमोर वहीत लिहिलं. मला उलटं वाचता आलं: विचारलं. हो म्हणाल्या.

त्यानंतरच्या आठवड्यांत मला गोष्टी दिसायला लागल्या. माझी वही मी मिटून गेलेली असायची, परत आल्यावर वेगळ्या पानाला फुगलेली वाटायची. माझ्या नावाची नळ्यांची पेटी फ्रीजमध्ये डावीकडची उजवीकडे गेलेली. वापरलेले फिल्टर मी रोज तारखेची चिठ्ठी लावून पिशवीत भरायचे आणि कचऱ्याच्या पिंपात टाकायचे. एक दिवस झाकण उघडलं तर आदल्या दिवशीची पिशवी नव्हती. कचरा नेणारी गाडी तर शुक्रवारी यायची.

प्रणवला सांगितलं. तो म्हणाला, तुझ्याआधी इथे एक मुलगा होता, त्याच्या कामावर बाईंनी असाच डोळा ठेवला होता. मग काय झालं, विचारलं तर म्हणाला, "हडपसरला आयटीत आहे आता. पीएच.डी. सोडली." त्यानं का सोडली हे प्रणवला नक्की माहीत नव्हतं, हे माझ्या लक्षात आलं होतं. पण मला ते नक्की करून घ्यायचं नव्हतं.

एका दुपारी सगळे कँटीनला गेले असताना मी फोन विसरले म्हणून परत आले. काचसामान धुण्याच्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं होतं. आत बाई वर्तमानपत्र पसरून बसल्या होत्या. पुढे माझे वापरलेले फिल्टर होते, माझ्या अक्षरातल्या चिठ्ठ्यांसकट. त्या हातमोजे घालून, पकडीनं एकेक प्लॅस्टिकचं टोपण फोडत होत्या आणि आतली चकती चिमट्यानं काढून ओळीनं मांडत होत्या.

"माझ्या कचऱ्यात तुमचं काय काम आहे?" मी विचारलं.

"कचऱ्यात टाकल्यावर तो तुमचा कसा?" बाई शांतपणे म्हणाल्या. मग त्यांनी समोरचं स्टूल पायानं पुढे सरकवलं. "बसा. बघा हे."

मी बसले नाही, पाहिलंही नाही. तशीच सरांच्या खोलीत गेले आणि लेखी तक्रार दिली: तांत्रिक अधिकारी माझ्या नमुन्यांत हस्तक्षेप करत आहेत. हस्तक्षेप हा शब्द लिहिताना बरं वाटलं होतं.

सरांनी बाईंना बोलावून घेतलं आणि पेशींच्या खोलीची किल्ली परत मागितली. तिथे त्यांनी पाय ठेवायचा नाही. बाईंनी एका शब्दानं खुलासा केला नाही. जुडग्यातून किल्ली काढायला त्यांना वेळ लागला, नख वाकडं झालं. किल्ली टेबलावर ठेवून त्या म्हणाल्या, "पोच द्या." सरांना वाटलं त्या टोमणा मारताहेत, पण त्या खरंच पोच घेईपर्यंत उभ्या राहिल्या.

आता माझ्या कामाजवळ कुणी फिरकत नव्हतं. मी दोन दिवस निवांत काम केलं. तिसऱ्या दिवशी अर्क गाळताना माझ्या अंगठ्याला एक गोष्ट जाणवली. सुरुवातीला सिरिंजचा दांडा जड जायचा आणि मधेच एकदम हलका व्हायचा. हे रोजच व्हायचं. मला ते आवडायचंही, काम लवकर उरकायचं. पण आजवर काहीही खटकलं, की मी ते बाईंच्या नावावर टाकत होते. आता खोलीत मी एकटीच होते.

मी धुण्याच्या खोलीतून पकड आणली आणि तोच फिल्टर फोडला. आत पांढरी, ताठ चकती हवी होती. होता तो ओल्या टिश्यूसारखा चिकट, अर्धपारदर्शक लगदा, आणि मधोमध भोक. मी खोक्याच्या तळाशी घडी घालून ठेवलेला कागद पहिल्यांदा उलगडला. कुठल्या द्रावकाला हा फिल्टर चालतो याची यादी होती. आमच्या द्रावकासमोर फुली होती. आधीचे फिल्टर संपल्यावर मी नवं खोकं फोडलं होतं, दुसऱ्या जातीचं, स्वस्त म्हणून मीच मागवलेलं. पेशी मरायला लागल्या त्याच सुमाराला. द्रावक चकती खात होता आणि ती विरघळून माझ्या नमुन्यात उतरत होती.

मग मी नुसता द्रावक त्याच खोक्यातल्या नव्या फिल्टरमधून गाळला आणि पेशींवर घातला. दुसऱ्या दिवशी दुपारी पाहिलं. अर्काचा एक कण नव्हता, तरी सगळ्या मेल्या होत्या. अगदी तशाच, गोल होऊन तरंगणाऱ्या.

जुन्या जातीचे चार फिल्टर कपाटाच्या कोपऱ्यात सापडले. त्यातून अर्क गाळून घातला. पेशी मजेत वाढत राहिल्या. आमच्याकडच्या झाडानं काहीच केलं नव्हतं.

लेख तयार होता, पाठवायचा तेवढा बाकी. मी सरांना सगळं सांगितलं. म्हणजे फिल्टरचं सगळं. सरांनी ऐकून घेतलं आणि बाईंना बोलावलं. मी समोरच बसले होते. सरांनी त्यांना विचारलं, की कोऱ्याची तपासणी करून घेणं हे तुमचं काम. हिला विचारलं होतंत का तुम्ही?

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. पण उत्तर द्यायला त्यांना कधी वेळ लागत नसे, म्हणून तेवढाही मला जाणवला. मी टेबलावरच्या स्टेपलरकडे बघत होते.

"नाही," बाई म्हणाल्या. "विचारायचं राहून गेलं."

सर म्हणाले की हे त्यांच्या सेवापुस्तकात लिहावं लागेल. बाई म्हणाल्या, "लिहा. तारीख घाला." आणि निघून गेल्या. त्यांच्या निवृत्तीला महिना उरला होता.

मला सुटल्यासारखं वाटलं, ते संध्याकाळपर्यंत. मग ती लांबट वही आठवली. विचारलं, हो म्हणाल्या. ते पान त्यांच्याकडे होतं, तारखेसकट. मग त्या खोटं का बोलल्या? ज्या बाईनं चहाच्या थर्मासलासुद्धा रेघ ओढून ठेवली, ती फुकटचं खोटं बोलणार नाही. ते पान राखून ठेवलं असणार. माझ्या तोंडी परीक्षेला सगळ्यांसमोर काढतील, किंवा नोकरीच्या वेळी. मी तीन दिवस त्यांच्या हातातल्या वहीवर नजर ठेवून होते. त्या जिना उतरताना दिसल्या तर मी वळून दुसरीकडून जायचे. पीएच.डी. सोडून हडपसरला गेलेल्या त्या मुलाचाही विचार डोक्यात येऊन जायचा.

चौथ्या दिवशी मला ते सहन होईना. मी धुण्याच्या खोलीत गेले. बाई बाटल्या मोजत होत्या.

"तुम्ही सरांना तसं का सांगितलंत?"

त्यांनी मोजणी पूर्ण केली, आकडा लिहिला, मग पेनाला टोपण लावलं.

"सरांनी विचारलं तेव्हा मी थांबले होते," त्या म्हणाल्या. "तुम्ही बोलाल म्हणून. तुम्ही बोलला नाहीत. मग मी खोटं बोलले, म्हटलं, आता तरी बोलाल."

"म्हणजे माझी परीक्षा घेत होतात?"

"काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा."

"आणि मी बोललेच नाही तर?"

"वहीत लिहीन."

त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. ना राग, ना माया. मला वाचवायचं म्हणून त्या तसं बोलल्या, की नमुन्यावर काय परिणाम होतो ते पाहायला, हे मला त्या दिवशी कळलं नाही. नंतरही नाही. मी पुष्कळ वेळा दोन्हीकडून विचार करून पाहिला आहे.

मी सरांकडे गेले आणि सांगितलं. बाईंनी विचारलं होतं, मी हो म्हणाले होते आणि ते खरं नव्हतं. तक्रारही मागे घेते म्हणाले. सरांनी मान वर केली नाही. नुसतं "ठीक आहे, जा" म्हणाले. त्यानंतर वर्षभर ते माझ्याशी कामापुरतं बोलले. माझा विषय बदलला, पीएच.डी. दोन वर्षं लांबली. आईला झाडाचं खरं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, की मग सावली तरी देतंच की ते. प्रणव मला वेडी म्हणाला, आणि आजही म्हणतो.

पण त्या दिवशी सरांच्या खोलीतून बाहेर पडून मी पुन्हा बाईंकडे गेले आणि म्हणाले, "सांगितलं."

"कुणी ऐकलं?"

"सरांनी."

"आणखी कुणी?"

"नाही."

"मग लिहून द्या. नुसतं ऐकलेलं सर महिन्याभरात विसरतील."

त्यांनी कोरा कागद काढला, धुण्याच्या ओट्यावरचं पाणी पुसून तो माझ्यापुढे ठेवला आणि समोरच्या स्टुलावर बसल्या. मी लिहिलं. मला विचारलं गेलं होतं, मी खोटं सांगितलं, बाईंची त्यात चूक नाही. बाईंनी कागद दोनदा वाचला. एका ठिकाणी 'सुमारे' लिहिलं होतं, ते खोडायला लावून नक्की तारीख घालायला लावली. ती त्यांनी वहीतून काढून दिली.

त्या कागदामुळे माझं खोटं उघड होत होतं, तसंच त्यांचंही होत होतं. सरांच्या तोंडावर त्या खोटं बोलल्या होत्या, निवृत्तीला महिना राहिलेला असताना, आणि ते आता लेखी झालं होतं. मी त्यांना तसं म्हणाले. हा कागद दिला, तर उलट तुम्हालाच जास्त त्रास होईल.

बाईंनी ते ऐकून घेतलं. मग पेनाचं टोपण काढलं, माझ्या सहीखाली 'साक्षीदार' असं लिहिलं, पुढे स्वतःचं पूर्ण नाव, हुद्दा आणि तारीख घातली, आणि शाई वाळेपर्यंत कागदावर बोट ठेवून बसून राहिल्या.